पोंगा का करपत होता

पामच्या झाडाचा मला अजून राग येतो. बंगल्याच्या फाटकाशी, मंगल कार्यालयाच्या दारात, नव्या वसाहतीच्या रस्त्याला दुतर्फा लावलेले पाम दिसले की लोक त्यांची गुळगुळीत खोडं बघतात. मी आधी शेंडा बघतो. मधला पोंगा, म्हणजे ते न उलगडलेलं नवं पान, हिरवं आहे की तांबूस, एवढंच मला बघायचं असतं. तांबूस दिसलं की त्या दिवशी माझं डोकं फिरलंच म्हणून समजा. बायको म्हणते, दुसऱ्याच्या दारातल्या झाडांसाठी कशाला रक्त आटवता. तिला मी ही हकीकत पूर्ण कधी सांगितलेली नाही.

मी काही झाडांचा माणूस नव्हे. राणीसावरगावच्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलो, ज्वारी-कापसात वाढलो, पण शिकलो स्थापत्य. कालव्याच्या कामावर ज्युनियर इंजिनिअर म्हणून लागलो तेव्हा पंचविशीत होतो. बोरीच्या अलीकडे कर्मचाऱ्यांची वसाहत होती, तिथं मला खोली मिळाली. काँक्रीट, मोऱ्या, मातीचा भराव हे माझं काम. झाडांशी माझा संबंध त्यांच्या सावलीत मोटारसायकल लावण्यापुरता. पण वसाहतीत विश्रामगृह होतं, विश्रामगृहाला रस्ता होता आणि आमच्या मोठ्या साहेबांनी कुठंतरी दक्षिणेत असाच एक रस्ता दोन्ही बाजूंनी रॉयल पाम लावलेला पाहिला होता. परत आले ते हट्ट घेऊनच. आपल्याकडे असं का नाही, असं त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी सगळ्यांत नवा होतो.

आमच्या खात्यात कागदाशिवाय कुणी फावडं उचलत नाही. बारा पाम लावायचे तर बारा पामांचं एस्टिमेट हवं. पूल, गटार, कुंपण यांची जुनी एस्टिमेटं कपाटात गठ्ठ्यानं होती, झाडाचं एकही नव्हतं. मग मी डोकं चालवलं. आमच्या शेतात आंब्याचं कलम लावताना वडील खड्ड्यात वाळवीसाठी मूठभर चुना टाकत. मूठ हे माप एस्टिमेटमध्ये चालत नाही. मी खड्ड्यामागं दोन घमेली चुना लिहिला. काळ्या मातीत पाणी तुंबतं म्हणून तळाशी निचऱ्याचा थर हवा होता. पाडलेल्या जुन्या गोदामाचा, चुन्याच्या गिलाव्याचा राडारोडा फुकट पडून होता, तोही लिहिला. टाइप होऊन आलेला कागद इतका सुबक दिसत होता की मी तो दोनदा वाचला. साहेबांनी सही केली आणि व्हेरी गुड म्हणाले.

खड्डे घ्यायचं काम माळीमामांकडे आलं. मामा चाळिशीचे, वालूरच्या बौद्ध वस्तीतले, हडकुळे आणि कमी बोलणारे. आधी वनीकरणाच्या रोपवाटिकेत त्यांनी बरीच वर्षं काढली होती, त्यामुळं झाडाला हात कसा लावायचा हे त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. वसाहतीत ते रोजंदारीवर होते. रोजंदारीच्या माणसाची मस्टरवर सलग पाच वर्षं भरली की तो कायम होतो, असा नियम होता. मध्ये खंड पडला की मागचं सगळं वाया, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. पाम आले तेव्हा मामांची अडीच वर्षं झाली होती. कायम झालं की क्वार्टर मिळेल, मुलगी वसाहतीतल्या शाळेत जाईल, आठवडाभर पंपघरात झोपून शनिवारी वालूरला सायकल हाणायला नको, हे त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. मस्टर माझ्याच ताब्यात असायचं. मी त्यांना मामा म्हणत असे, दुपारी त्यांच्या डब्यातली भाकरी खात असे आणि त्याबद्दल स्वतःवर बऱ्यापैकी खूशही असे. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते, आमच्या ऑफिसात अशा भाकरीचीसुद्धा चर्चा व्हायची.

चुन्याची घमेली पाहून मामा थबकले. एवढा चुना कशाला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वाळवीसाठी. ते म्हणाले, रोपवाटिकेत आम्ही कधी टाकला नाही. मी म्हटलं, एस्टिमेटमध्ये आहे. ते मुकाट्यानं चुना पसरायला लागले. एस्टिमेटमध्ये आहे म्हटल्यावर आमच्याकडे वाद संपतोच.

आंध्रातून ट्रकनं बारा रोपं आली. माणसाच्या खांद्याइतकी उंच, मुळांशी लाल मातीचे गड्डे बारदानात बांधलेले. रस्त्याच्या एका बाजूला सहा लावून झाली. दुसऱ्या बाजूच्या सहाव्या खड्ड्यात पाण्याचा पाइप लागला. तो हलवायला वेगळं एस्टिमेट लागणार होतं, म्हणून बारावं रोप तसंच पडून राहिलं. त्यात मी आठ दिवस साइटवर अडकलो. परत आलो तर ते रोप पंपघराच्या मागं लावलेलं. मामांनी स्वतःच खड्डा घेतला, तळ्यातला गाळ नि कुजलेलं शेणखत भरलं आणि लावून मोकळे झाले. चुना संपला होता आणि नवीन मागवायची त्यांना काही गरज वाटली नव्हती. मी चिडलो. सहाला पाच अशी लंगडी रांग कशी दिसते, साहेबांना मी काय तोंड दाखवू, असं बरंच बोललो. मामा एवढंच म्हणाले की ठेवलं असतं तर वाळलं असतं. पंपघरामागचं झाड रस्त्यावरून दिसत नव्हतं, त्यामुळं पुढं सगळे ते विसरून गेले.

पहिलं वर्ष झकास गेलं. ते वर्ष झाडांनी बरोबर आणलेल्या लाल मातीवर काढलं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला वाटलं, माझं एस्टिमेट लागू पडलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पहिला तांबूस पोंगा दिसला. मी रोज सकाळी त्या रस्त्यानं जायचो. एका झाडाचं नवं पान उलगडताना त्याची टोकं करपलेली निघाली, विस्तवाजवळ धरल्यासारखी. पान आखूड, पाती चुरगळलेल्या, कडा तपकिरी. मी म्हटलं, उन्हानं असेल, पुढचं चांगलं येईल. पुढचं आणखी आखूड आलं. मग शेजारच्या झाडाचं तसंच, मग समोरच्या रांगेत. होळीपर्यंत रस्त्यावरचे अकराच्या अकरा पाम वरून करपलेले आणि खालून हिरवे असे उभे राहिले. खालची जुनी पानं इतकी तुकतुकीत की त्यांचाच राग यावा.

त्या वर्षभरात माझ्या नाकी नऊ आले. मला आधी वाटलं, हे आपल्याला माहीत आहे. ज्वारीत पोंगेमर होते, खोडात कीड शिरते आणि मधला पोंगा मरतो. शेतकऱ्याचा मुलगा मी, मला कोण शिकवणार. फोरेट या कीटकनाशकाचे दाणे आणले आणि मामांना म्हटलं, प्रत्येक पोंग्यात टाका. मामा ड्रमावर चढले, दाणे टाकायच्या आधी त्यांनी पोंगा मुठीत धरून हलकेच ओढला. ज्वारीचा मेलेला पोंगा असा ओढला की अलगद हातात येतो आणि त्याच्या बुडाला कुजका वास असतो. हा जागचा हलला नाही. त्यांनी नाक लावून पाहिलं आणि म्हणाले की कीडही नाही, कूजही नाही. मी म्हटलं, तरी टाका. दोन आठवडे विश्रामगृहाच्या व्हरांड्यात त्या दाण्यांचा उग्र वास येत राहिला आणि एका पाहुण्यानं त्याबद्दल लेखी तक्रार केली.

मग वसाहतीतला प्रत्येक जण झाडांचा डॉक्टर झाला. स्टोअरकीपरनं मोरचूद सांगितला, तो फवारला. ड्रायव्हरनं आंबट ताक सांगितलं, ते ओतलं. साहेबांच्या बायकोनं सांगितलं की नजर लागली आहे, तेव्हा चौकीदारानं परस्पर एका झाडाला बिब्बा बांधला. कुणी म्हणालं युरिया द्या, तर युरिया दिला आणि जुनी पानं आणखी हिरवी झाली. नवं पान मात्र प्रत्येक वेळी करपूनच बाहेर यायचं. पामला महिन्या-दीड महिन्यानं एखादं नवं पान येतं, म्हणजे कुठल्याही उपायाचा निकाल कळायला तेवढे दिवस थांबायचं, आणि थांबून पुन्हा तेच तांबूस टोक बघायचं. मी झोपेतून उठलो की आधी त्या रस्त्याकडे जायचो. चिडचिड इतकी वाढली की साइटवरचे मुकादम मला सकाळी भेटायचं टाळू लागले.

आणि दर महिन्याला कुणी ना कुणी मोठा माणूस यायचाच. आला की बुंध्यांना चुना नि गेरू. खाली चुन्याचा पांढरा पट्टा, वर गेरूची तांबडी रेघ, ही आमच्या खात्याची शोभा. रंगवणारे मजूर काम झालं की ब्रश नि डबे त्या झाडांच्या आळ्यांतच धुवायचे, कारण पाणी तिथंच असायचं. ते मी दर वेळी डोळ्यांनी पाहत होतो. पंपघरामागचं झाड कुणाच्या गाडीतून दिसत नव्हतं, त्याला कधी चुना लागला नाही.

मामांनी मला एकदा स्पष्ट सांगितलं होतं. दुपारची वेळ होती, आम्ही पंपघराच्या सावलीत जेवत होतो आणि मी नेहमीप्रमाणं कुरकुरत होतो की तुम्ही पाणी नीट देत नाही. मामांनी भाकरी खाली ठेवली.

"रावसाहेब, पाणी कमी पडलं असतं तर जुनं पान आधी वाळलं असतं. जुनं हिरवंगार हाय, नवंच जळायलंय. त्याला खालून कायतरी मिळंना झालंय. त्या चुन्यानं धरून ठिवलंय बघा."

"तुम्ही पाण्याचं बघा," मी म्हटलं. "चुन्याचं मी बघतो."

हे बोलताना आमच्यापासून दहा पावलांवर ते बारावं झाड होतं. त्याचा पोंगा सरळ, हिरवा, बोटानं टकटक करावी इतका घट्ट. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो.

पुढं एका मंत्र्यांचा दौरा ठरला. आदल्या दिवशी मोठे साहेब पाहणीला आले, रस्त्याच्या मध्ये उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही रांगा पाहिल्या. माळ्याला बोलावलं. हेडक्लार्क, मी, सुपरवायझर, सगळे कोंडाळं करून उभे. मामांची पाच वर्षं भरायला तेव्हा दोन महिने राहिले होते, हे त्या घोळक्यात फक्त मला आणि मामांना माहीत होतं.

साहेब फिरत फिरत पंपघरामागं गेले आणि तिथं थांबले. बारावं झाड बाकीच्यांपेक्षा हातभर उंच झालं होतं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत पाहिलं. पंपघराच्या दारात मामांची सतरंजी नि डबा होता, तोही पाहिला. मग वळून म्हणाले की स्वतःच्या बसायच्या जागेजवळचं तेवढं जगवलं आणि सरकारी रस्त्यावरची मारली. हेडक्लार्कनं लगेच जोडून दिलं की परवाच्या नामांतराच्या मोर्च्यासाठी हे कामावर गैरहजर होते, झाडं तशीच उन्हात.

मामा शांतपणे बोलले. "ह्याच्या खड्ड्यात चुना न्हाई पडला, साहेब. म्हणून ह्ये हिरवं हाय. आन मोर्च्याला मी सुट्टी मागून गेलतो. रावसाहेबाला इचारा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "चुना टाकायला कुणी सांगितलं?"

"एस्टिमेटमध्ये आहे, सर."

जसं काही ते एस्टिमेट कपाटातून आपोआप उगवलं होतं. खाली माझी सही होती, त्याच्या खाली साहेबांची. साहेब म्हणाले की एस्टिमेट मंजूर झालेलं आहे, म्हणजे प्रश्न पाण्याचाच आहे. सुट्टीचं त्यांनी मला विचारलं तेव्हा मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही, आणि साहेबांना जे हवं होतं ते त्यांनी त्यातून घेतलं. मला खरं तर मामांचाच राग आला होता. चार लोकांत माझ्या चुन्याचं नाव काढायची काय गरज होती, असं मला त्या वेळी मनापासून वाटलं. ज्याला मी मामा म्हणत होतो, त्याच्याबद्दल मी त्या संध्याकाळी सुपरवायझरशी बोलताना 'तो माणूस' म्हणालो.

पुढच्या महिन्याच्या मस्टरवर मामांचं नाव घ्यायचं नाही, असा तोंडी आदेश आला. मस्टर मी लिहीत होतो. वरच्या नावानंतर एकदम खालचं नाव लिहिलं, मध्ये ओळसुद्धा सोडली नाही. मामांनी सतरंजी सायकलला बांधली आणि ते वालूरला गेले. जाताना भेटायला आले होते, मी मुद्दाम साइटवर गेलो होतो.

आता तरी पाम सुधारायला हवे होते. चौकीदाराला पाण्यावर लावलं आणि मी स्वतः उभा राहून दुप्पट पाणी सोडायला लावलं. पाणी कमी पडत होतं ना, मग घ्या. आळी डबडबली, चिखल झाला आणि पुढचा पोंगा आधीच्यापेक्षा जास्त करपून आला. काही झाडांचं नवं पान म्हणजे नुसता तपकिरी देठ नि त्याला लोंबणारी चार चिपाडं. मी रस्त्यात उभा राहून त्या झाडांना शिव्या दिल्या, खऱ्याखुऱ्या, गावाकडच्या. कारण आता शिव्या द्यायला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

शेवटी एक नवं पान आणि एक जुनं पान कापून पिशवीत घातलं आणि एसटीनं परभणीला गेलो. ओळखीतून शेतकी विषयातल्या एका जाणकार गृहस्थांचा पत्ता मिळाला होता. त्यांनी ओसरीवर बसवलं, चहा दिला, दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली आणि मला तोंड उघडू न देता पहिला प्रश्न विचारला, खड्ड्यात चुना टाकला होता का. मग त्यांनी समजावलं. काही द्रव्यं झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, ती कमी पडली तर जुनं पान आधी पिवळं पडतं. मँगनीज तसं हलत नाही. जुन्या पानात गेलं ते तिथंच राहतं, नव्या पानाला मुळांकडून ताजं यावं लागतं. आपल्या काळ्या मातीत आधीच चुनखडी, त्यात वरून चुना घातला की मँगनीज मातीत असूनही मुळांना मिळत नाही. म्हणून जुनं हिरवं आणि नवं करपलेलं. पाणी जास्त दिलं असेल तर आणखी बिघडलं असेल, असंही ते म्हणाले. हे सगळं मी आधी एकदा ऐकलं होतं, भाकरी खाता खाता, चार वाक्यांत, आणि तेही एसटीचा धक्का न खाता.

तरी माझा हट्ट जाईना. त्यांनी सांगितलेली परीक्षा मी परत येऊन केली. मोरी धुवायचं अॅसिड पाण्यात पातळ केलं आणि प्रत्येक झाडाच्या मुळाशी वीतभर उकरून थोडं थोडं ओतलं. चुनखडीमुळं आपल्या काळ्या मातीत थोडी फसफस असतेच. पण रस्त्यावरच्या आळ्यांत माती सोड्यासारखी उसळून फेसाळली, एकामागून एक अकरा ठिकाणी. पंपघरामागं ओतलं तर नुसते चार बुडबुडे आले नि विरले. मी तिथंच मामांच्या बसायच्या दगडावर बसलो. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून खरं सांगायचं तर, हे कुणाला कळू नये असं वाटलं.

उपाय होता, पण हात मामांचेच हवे होते. मुळं न दुखावता बाजूनं चर खणून चुना भिनलेली माती काढायची, गाळ, शेणखत नि गंधक भरायचं, वरून मँगनीज सल्फेट फवारायचं. मी वालूरला गेलो. मामा कुणाच्या तरी शेतात निंदणीला होते. बांधावर उभं राहून मी म्हटलं, तुमचं बरोबर होतं. त्यांनी विचारलं, मस्टरवर खंड मांडला जाईल का. मी म्हटलं, मी साहेबांना टिपणी देतो, बघू. ते खुरपं पुसत म्हणाले, मग या सोमवारी येतो.

टिपणी मी खरंच दिली. तीन वेळा लिहून फाडली आणि चौथ्यांदा दिली. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं की चुना माझ्या सांगण्यावरून घातला होता, माळ्यानं तेव्हाही आणि नंतरही हरकत घेतली होती आणि त्याचा काही दोष नाही. दुसऱ्यात 'माझ्या सांगण्यावरून' गेलं. तिसऱ्यात हरकत गेली. चौथ्यात राहिलं ते असं, की मातीतील चुन्याचे प्रमाण जास्त असल्याचे आढळून आले असून सुधारणा हाती घेण्यात येत आहे. साहेबांनी 'पाहिले' असा शेरा मारला. खंड माफ करा असं त्या कागदात कुठं नव्हतंच, तर ते माफ तरी काय करणार. कुठलं वाक्य घातलं असतं तर काम झालं असतं हे मला पुरतं ठाऊक होतं. माझी नोकरी नवी होती, साहेबांची सही त्याच एस्टिमेटवर होती आणि मला भीती वाटली. यापलीकडे त्याला दुसरं कारण नाही.

मामा सोमवारी आले आणि मस्टरवर त्यांचा पहिला दिवस लागला.

दीड-दोन वर्षांत झाडं सुधारली. करपलेली पानं परत हिरवी होत नाहीत, ती खाली जाऊन गळेपर्यंत बघत राहावी लागतात. पण वरून येणारा प्रत्येक पोंगा आधीच्यापेक्षा लांब नि हिरवा येऊ लागला. पाहुणे आले की म्हणायचे, काय सुंदर पाम आहेत, कुणी लावले. साहेब माझ्याकडे बोट दाखवायचे. मी हसून मान डोलवायचो, आणि मामा तेव्हा आळ्यात उकिडवे बसलेले असायचे.

मग कालव्याचं काम सरत आलं. नामांतर झालं त्या जानेवारीत मामांनी पंपघरासमोर सगळ्यांना पेढे दिले, हेडक्लार्कलासुद्धा. त्याच उन्हाळ्यात रोजंदारीच्या छाटणीची यादी आली. पाच वर्षं भरलेले राहणार होते, बाकीच्यांना घरी जायचं होतं. मामांच्या दुसऱ्या मोजणीत चार वर्षं झाली होती. पहिली मोजणी धरली असती तर ती सगळी मिळून नऊच्या आसपास गेली असती. मी यादी घेऊन साहेबांच्या खोलीपर्यंत गेलो होतो. खुर्चीवर आता दुसरे साहेब होते. त्यांनी जुनी फाइल मागवली, माझी टिपणी काढून वाचली आणि म्हणाले, यात खंड का पडला याचं काहीच कारण दिसत नाही.

शेवटच्या दिवशी मामा ऑफिसात आले. कुठं दुसरीकडे काम बघायचं तर माळी म्हणून काम केल्याचा दाखला हवा होता. मी त्यांना खुर्ची दिली आणि कोरा कागद घेतला. या वेळी हात अडला नाही. लिहिलं की हे झाडांचे उत्तम जाणकार आहेत, पामांच्या नव्या पानांवरील करप्याचं खरं कारण यांनीच सर्वांत आधी ओळखलं व सांगितलं होतं, तो दोष माझ्या सूचनेवरून घातलेल्या चुन्याचा होता आणि यांच्या कामात कधीही कसूर नव्हती. खाली सही केली. लिहून झाल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्याकडे पाहून हसलोसुद्धा.

मामांना वाचता येत होतं. त्यांनी ओळीखाली बोट धरून सावकाश शेवटपर्यंत वाचलं आणि कागद परत टेबलावर ठेवला.

"ह्येच त्या दिशी तुमी तोंडानं बोलला असता, रावसाहेब," ते म्हणाले, "तर ह्यो कागद लागला नसता."

मग त्यांनी कागद पुन्हा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले की शिक्का तेवढा मारायचा राहिलाय.